‘तुला एवढंही कळलं नाही?’

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

ईमेलवरून होणाऱ्या फसवणुकीवर बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही संगणकातली जाणकार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं समुपदेशन केंद्र आहे, तिथे मी पंचवीस वर्षं काम करते. मारहाण, पोटगी, मुलांचा ताबा, हुंडा हे माझे विषय. आमच्याकडे पहिला संगणक आला तेव्हा आम्ही त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी घालून ठेवत होतो. पण शिबिर भरवणारी मैत्रीण म्हणाली, “तुमच्या केंद्रात जे घडलं तेवढंच सांग.” तेव्हा जे घडलं ते सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगते. खरं म्हणजे ती चूक सांगण्यासाठीच मी आले आहे.

मार्च महिना होता. वर्षअखेर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. हिशेब, पावत्या, ऑडिट, अहवाल, सगळं एकदम अंगावर येतं. आमचा हिशेब आणि पत्रव्यवहार एक तरुण कार्यकर्ती बघते. तिचं नाव सांगत नाही, ‘आमची मुलगी’ म्हणते. एका दुपारी केंद्राच्या मेलवर एक पत्र आलं. पाठवणारी संस्था आमच्या रोजच्या ओळखीची. पत्रात एवढंच, की संयुक्त प्रस्तावाची फाईल पाठवत आहोत, आज संध्याकाळपर्यंत बघून कळवा, नाहीतर मुदत संपेल. खाली निळ्या अक्षरात दुवा. तिनं तो दाबला. समोर नेहमीसारखं पान आलं, आपण मेल उघडताना येतं तसंच. ‘पुन्हा पासवर्ड द्या’ असं त्यावर लिहिलेलं. तिनं दिला. फाईल काही उघडली नाही.

संध्याकाळी तिनं त्या संस्थेत फोन करून विचारलं. तिकडून उत्तर आलं, “आम्ही काही पाठवलंच नाही. आमचंच खातं कोणीतरी उघडलंय असं वाटतंय.” म्हणजे पत्ता खरा होता, पण पत्त्यामागे बसलेला माणूस दुसराच होता.

आमच्या मुलीच्या लक्षात आलं की पासवर्ड चोराच्या हाती गेला. आणि ती गप्प बसली. दोन दिवस.

त्या दोन दिवसांत चोरानं काय केलं बघा. आमच्या मेलमध्ये शिरून जुनी पत्रं वाचली. देणगीदार कोण, आम्ही त्यांना कसं लिहितो, पत्राखाली काय लिहितो, हे सगळं बघून घेतलं. मग आमच्याच पत्त्यावरून, आमच्याच भाषेत, काही हितचिंतकांना लिहिलं की केंद्राचं बँक खातं बदललं आहे, एका बाईच्या तातडीच्या ऑपरेशनसाठी मदत हवी आहे, नव्या खात्यावर पाठवा. आणि हुशारी अशी, की त्या पत्रांना येणारी उत्तरं आम्हाला दिसू नयेत म्हणून मेलमध्ये एक नियम लावून ठेवला. उत्तर आलं की सरळ कचऱ्याच्या डब्यात. पुण्याच्या एका ताईंनी पंचवीस हजार रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पावती आली नाही म्हणून त्यांनी मला फोन केला. तेव्हा सगळं बाहेर आलं.

आता माझी चूक. मी सगळ्यांसमोर त्या मुलीवर ओरडले. म्हणाले, “शिकलेली आहेस ना? तुला एवढंही कळलं नाही?” ती रडायला लागली. म्हणाली, “ताई, मला परवाच कळलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. मागे पावतीपुस्तक हरवलं तेव्हा तुम्ही आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नव्हता.”

सगळे गप्प. मग आमच्या एक मावशी, ज्या स्वतः वीस वर्षांपूर्वी केंद्रात केस घेऊन आल्या होत्या आणि आता आमच्याबरोबर काम करतात, त्या हळूच म्हणाल्या, “ताई, हे वाक्य आपण पोलीस चौकीत ऐकतो. ‘तुला कळलं नाही का? लग्नाआधी चौकशी नाही केली का? एवढे दिवस का सोसलंस?’”

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या मुलीनं पहिल्या संध्याकाळी तोंड उघडलं असतं, आणि आम्ही तेव्हाच पासवर्ड बदलला असता, तर पुण्याच्या ताईंना ते पत्र गेलंच नसतं. तिचं तोंड कुणी बंद केलं होतं? चोरानं नाही. मी केलं होतं.

पैशाचं तरी निभावलं. त्या ताईंनी लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार केली. त्यांच्या पैशांपैकी अठरा हजार पुढच्या खात्यात अडकवता आले, ते न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळाले. सात हजार गेले ते गेले. पण आमच्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच कारणानं. त्या मेलमध्ये बायकांचे कागद होते. वकिलांना पाठवलेले अर्ज, संरक्षण अधिकाऱ्यांना पाठवलेले घरगुती घटना अहवाल. एक बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्यापासून लपून मावशीकडे राहत होती. तिच्या मावशीचा पत्ता त्या पत्रांत होता.

तिला सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. ‘उगीच घाबरेल’ असं काहींचं म्हणणं. शेवटी आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सांगायला आलात हे बरं केलंत. आमच्या घरात मला सगळं मागाहूनच कळायचं.” मग ती महिनाभर मुलांना शाळेत वेगळ्या वेळी, वेगळ्या रस्त्यानं नेत होती. तिच्या नवऱ्यापर्यंत काही पोचलं नाही. चोराला पैसे हवे होते, बायकांच्या कागदांशी त्याला घेणंदेणं नव्हतं. पण हे आपण आज म्हणतो. तिनं तो महिना जीव मुठीत धरून काढला, तो काढलाच.

म्हणून हा विषय ‘कॉम्प्युटरवाल्यां’चा नाही, आपला आहे.

आता हा प्रकार आहे काय ते बघू. याला फिशिंग म्हणतात. इंग्रजीत मासेमारीला जो शब्द आहे, त्याचंच स्पेलिंग बदलून हा शब्द केला. १९९० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत तो रुळला. तेव्हा अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या ग्राहकांना, ‘आम्ही कंपनीचीच माणसं आहोत, तपासणीसाठी तुमचा पासवर्ड द्या’ असे निरोप पाठवून फसवलं जाई. तीस वर्षं होऊन गेली, यंत्रं बदलली, पण गळ तोच आहे. कुलूप फोडायला कष्ट पडतात, त्यापेक्षा घरच्या माणसाकडून किल्ली मागून घेतलेली सोपी.

या गळाला चार आमिषं लावतात. आमच्या मावशींनी ती चार बोटांवर मोजायला शिकवली आहेत.

पहिलं, भीती. तुमचं खातं बंद होईल, वीज तोडली जाईल, संस्थेची नोंदणी रद्द होईल, तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे. दुसरं, घाई. आजच, चोवीस तासांत, आत्ता. तिसरं, लोभ किंवा आशा. परतावा मिळेल, अनुदान मंजूर झालं, हप्ता जमा होणार आहे. आणि चौथं, एकटेपण. कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका, ही बाब गोपनीय आहे.

जरा आठवा, ही चार हत्यारं आपण कुठे पाहिली आहेत? घरात मार खाणारी बाई आपल्यासमोर बसते तेव्हा ती हेच सांगते. त्यानं घाबरवलं, विचार करायला वेळ दिला नाही, सुधारेन म्हणून आशा दाखवली, आणि माहेरी, शेजारी बोलायची बंदी केली. त्या बाईला आपण मूर्ख म्हणत नाही. मग मेलवर फसलेल्या बाईला का म्हणतो?

आणि फसतं कोण? अडाणीच फसतात हा समज काढून टाका. बँकेचे अधिकारी फसतात, प्राध्यापक फसतात, वकील फसतात. माणूस फसतो तो त्याची अडचण आणि ते पत्र यांची गाठ पडते तेव्हा. आमच्या मुलीला मार्चमध्ये गाठलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. दीड हजार रुपयांचा हप्ता बंद होईल या धास्तीनं बायका मिळेल तो दुवा उघडत होत्या, आणि तेव्हाच त्या नावाची खोटी पानं निघाली. गरज जिथे, गळ तिथे.

आता ओळखायचं कसं?

पूर्वी सांगत की भाषा बघा, चुका असतील तर पत्र खोटं. तो काळ गेला. आता यंत्राकडून शुद्ध मराठीत, आदरार्थी, गोड पत्र लिहून घेता येतं. तेव्हा भाषेवर जाऊ नका. पानावरच्या चिन्हावर, रंगावर जाऊ नका, ती नक्कल पाच मिनिटांत होते. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे पान खरं, असंही नाही. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुम्ही आणि ते पान यांच्या मधे कुणी चोरून वाचत नाही. पान चोराचंच असेल तर? चोरानंही दाराला कुलूप लावलेलं असतं.

पाठवणाऱ्याचं नाव बघून विश्वास ठेवू नका. नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतं. नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता दिसतो, तो वाचा. आणि दुवा उघडण्याआधी त्याचा पत्ता वाचा. संगणकावर दुव्यावर बाण नेऊन नुसता थांबवला की खाली पत्ता दिसतो. मोबाइलवर बोट दाबून धरलं की दिसतो.

तो पत्ता वाचायचा कसा, ते आम्ही बायकांना असं सांगतो. आपल्याकडे नाव लिहितात त्यात आडनाव शेवटी येतं. वेबच्या पत्त्यातही तसंच आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पुढची एकेरी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग बघा, आणि त्यातला अगदी शेवटचा भाग वाचा. ते आडनाव. ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’ असेल तर आडनाव ‘गूगल डॉट कॉम’, म्हणजे गूगलचं घर. पण ‘गूगल डॉट कॉम डॉट तपासणी डॉट ऑनलाइन’ असेल तर आडनाव ‘तपासणी डॉट ऑनलाइन’. पुढे गूगलचं नाव कितीही वेळा घातलं तरी घर परक्याचं. नवऱ्याचं आडनाव लावायचं की नाही हा आपला वाद चालू ठेवू, पण इथे मात्र आडनावच बघायचं!

(हशा)

सरकारी पानांचं आडनाव ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असतं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये आदेश काढला की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या आडनावाखाली आणावेत. ते आडनाव बँकांशिवाय कुणाला मिळत नाही. हे सगळं लक्षात राहिलं नाही तर एकच लक्षात ठेवा. आलेल्या दुव्यावरून बँकेत किंवा सरकारी पानावर जायचंच नाही. पत्ता आपण स्वतः लिहायचा.

आमच्या प्रकरणात तर पाठवणाऱ्याचा पत्ताही खरा होता. म्हणून सगळ्यात पक्की खूण तुम्हाला सांगते. पत्र काय मागतं ते बघा. पासवर्ड, ओटीपी, पिन, खातं बदलल्याची सूचना, किंवा एखादं अॅप उतरवून घ्यायची विनंती, यांपैकी काहीही असेल तर थांबायचं आणि दुसऱ्या वाटेनं विचारायचं. मेल आली असेल तर फोन करायचा. तोही त्या पत्रातल्या नंबरावर नाही, आपल्या वहीतल्या नंबरावर. आमच्या केंद्रात आता ठराव आहे की बँक खात्याचा कोणताही बदल, मग तो कुणाच्याही पत्रानं येवो, बोलून खात्री केल्याशिवाय मानायचा नाही. देणगीदारांनाही आम्ही तसंच कळवलं आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून ‘एपीके’ नावाची फाईल येते. ती पत्रिका नसते, ते अॅप असतं, आणि ते एकदा बसलं की तुमचे ओटीपी चोराला वाचता येऊ शकतात. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी मोठ्यानं म्हणा.

आपल्यातल्या काही जणींना वाटेल, आमच्याकडे पैसे कुठे आहेत चोरायला? पण गळ नेहमी पैशासाठीच टाकतात असं नाही. २०२० च्या जूनमध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि कॅनडातली सिटिझन लॅब यांनी एक अहवाल काढला. २०१९ मध्ये भारतातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना अशीच पत्रं आली होती. त्यांतल्या आठ जणांनी भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्यांच्या सुटकेची मागणी केली होती. पत्रं पत्रकारांच्या किंवा न्यायालयातल्या कर्मचाऱ्यांच्या नावानं होती. सोबतची फाईल वरून साधी कागदपत्रं वाटावी अशी, पण उघडली तर संगणकावर पाळत ठेवणारा प्रोग्राम बसावा अशी व्यवस्था. ज्यांच्याकडे दुसऱ्यांचं गुपित आहे ती माणसं लक्ष्य होतात. आपल्या कपाटात आणि आपल्या मेलमध्ये शेकडो बायकांची गुपितं आहेत.

म्हणून आम्ही काय बदललं ते सांगते. आमच्या मेलचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. हसू नका, तुमच्याकडेही असेल! तो काढला. खात्याला दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरी खूण लागते. ती खूण एकाच कार्यकर्तीच्या फोनवर येईल तर ती आजारी पडली की काम अडतं, म्हणून जास्तीचे कोड कागदावर छापून कुलपात ठेवले. आणि ती दुसरी खूणही कुणी फोनवर मागितली तर द्यायची नाही. बायकांच्या केसचे कागद मेलमध्ये पडू द्यायचे नाहीत, काम झालं की काढायचे. जिथे जमेल तिथे नावाऐवजी केसचा क्रमांक लिहायचा. यात बाईची सुरक्षितता आहे आणि कायदाही आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे.

तरीही कुणीतरी गळाला लागणार. तेव्हा काय करायचं?

पहिलं, बोलायचं. जी असेल तिला, त्याच क्षणी. दुसरं, दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचा आणि ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ ही सोय वापरायची. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदलायचा. तिसरं, मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघायचे, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन व मेल आपलाच आहे का ते तपासायचं. पासवर्ड बदलला तरी चोरानं मागचं दार उघडं ठेवलेलं असतं, ते इथे सापडतं. चौथं, ज्यांना आपल्या नावानं पत्रं गेली असतील त्यांना फोन करायचे. पाचवं, ते खोटं पत्र खोडायचं नाही. तो पुरावा आहे, त्याचे फोटो काढून ठेवायचे.

पैसे गेले असतील तर आधी १९३० आणि बँक, बाकी सगळं नंतर. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्यायचा, इंटरनेटवर शोधलेला नाही, कारण तिथेही खोटे नंबर टाकून ठेवतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवले जातात. ते फिरण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. तिथे एक तास म्हणजे खूप झाला.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला काढलेलं परिपत्रक याच तत्त्वावर आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि बँकेची सूचना आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर काही बोजा नाही. तुम्ही स्वतःच पिन किंवा ओटीपी देऊन बसला असाल तर कळवेपर्यंत गेलेलं तुमच्या अंगावर, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर. आणि जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. बँकेत गेलं की ‘तुम्हीच ओटीपी दिलात ना, मग आम्ही काय करणार’ म्हणून बाईला परत पाठवतात. तेव्हा तिच्याबरोबर जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोलीस ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ६६ क आणि ६६ ड, आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ यांचा उल्लेख अर्जात करा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायची मागणी करा. आपण मारहाणीच्या केसमध्ये हे सगळं करतोच. इथेही तेच करायचं आहे.

आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना सांगायचं. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात हे बंधन आहे. पण आपण कायद्याची वाट का बघायची? ज्या बाईनं आपल्यावर विश्वास टाकला तिचा तो हक्क आहे.

शेवटचा मुद्दा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘ओटीपी कुणाला देऊ नका’ ही जाहिरात आपण रोज ऐकतो. त्यात धरून चाललेलं असतं की फोन तुमचा आहे. आपल्याकडे येणाऱ्या किती बायकांचा फोन त्यांचा असतो? सिम नवऱ्याच्या नावावर, ओटीपी मुलाच्या फोनवर, बँकेचं काम दीर करून देतो. रोज घरातल्या चार जणांना ओटीपी सांगणाऱ्या बाईला आपण म्हणतो, परक्याला सांगू नकोस. आणि ती फसली की घरात पहिली शिक्षा काय होते? फोन काढून घेतात. ‘तुला अक्कल नाही, तुला कशाला पाहिजे मोबाइल?’ नवरा शेअर बाजारात लाख रुपये घालवतो त्याचा फोन कुणी काढून घेत नाही. बाईचे दोन हजार गेले की तिचं जगाशी असलेलं दारच बंद होतं. माहेर तुटतं, गट तुटतो, आपलं केंद्र तुटतं. म्हणून बाई सांगत नाही. ती गप्प बसते, दागिना गहाण टाकून खड्डा भरते, आणि चोराला माहीत असतं की ही बोलणार नाही. तिच्या गप्प बसण्यावर त्याचा धंदा चालतो.

यावर उपाय यंत्रात नाही, तो आपल्या बैठकीत आहे. आम्ही आता दर महिन्याच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं ‘या महिन्यात कोणता गळ आला’ यासाठी ठेवतो. जिला आला ती सांगते. जी फसली ती सांगते. ऐकणाऱ्यांना एकच नियम, ‘तुला कळलं नाही का’ असं विचारायचं नाही. विचारायचं ते असं, ‘कधी झालं? कुणाला कळवलं? चल, आता काय करायचं?’ पहिल्या महिन्यात कुणी बोललं नाही. मग मी स्वतः सांगितलं की मलाही एकदा पार्सल आल्याच्या मेसेजवर माझा कार्ड नंबर भरून झाला होता, ओटीपी आला तेव्हा सावध झाले. त्यानंतर सात जणी बोलल्या. एक तर दोन वर्षांपूर्वीचं सांगत होती, नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

आमची मुलगी अजून आमच्याकडेच आहे. मी सगळ्यांसमोर ओरडले होते म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. आता गावोगावच्या गटांत हा विषय तीच घेते. माझ्यापेक्षा चांगलं बोलते, कारण ती सुरुवात अशी करते, “मी फसलेली आहे, आता तुम्ही सांगा.”

इथून घरी गेल्यावर दोन कामं करा. केंद्राच्या मेलला दुहेरी पडताळणी लावा. आणि पुढच्या बैठकीत, सगळ्यात आधी, स्वतः कुठे फसलात ते सांगा. ताई म्हणवून घेणारीनं आधी बोलायचं. म्हणजे बाकीच्यांना बोलता येईल.